म्युन्शचा शोसाँ ऐकच

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला, फ्रेंच सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची ती मोठी अनेक भागांची रचना, म्हटली की बर्लिओझ, फार तर सेझार फ्रँक, बाकी सगळा भाताचा भुस्सा म्हणे! अरे संगीतकार एर्नेस्त शोसाँची बी-फ्लॅट मेजर सिम्फनी ऐक की एकदा. त्याची ही एकुलती एक सिम्फनी, १८९१ च्या एप्रिलात पॅरिसला पहिल्यांदा वाजली, कंडक्टही त्यानेच केली, आणि तेव्हापासून लोकांचं एकच पालुपद, की ही फ्रँकची कॉपी. आता साम्य आहे, नाही कुठे म्हणतोय मी, फ्रँक त्याचा गुरू, गुरूची सिम्फनी दोनच वर्षं आधीची, दोन्हींत मूव्हमेंट्स, म्हणजे भाग, तीनच आणि संथ भागात इंग्लिश हॉर्न हे फुंकवाद्य दोघांकडेही. पण घराणं एक असलं तरी गळा वेगळा आहे रे. फ्रँक ऑर्गनवाला माणूस, तो ठोकळे रचत जातो. शोसाँ घरचा श्रीमंत, वकिली शिकून ती सोडलेला, वाग्नरच्या पार्सिफाल ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला जर्मनीत बायरॉइटला जाऊन आलेला, त्यामुळे वाग्नर पार हाडात मुरलाय.

आणि तिथेच घोळ होतो. बरेच कंडक्टर्स वाग्नर दिसला की रेंगाळतात, सुरुवातीचा तो खर्जातला लेंटो, म्हणजे संथ तुकडा, क्लॅरिनेट, हॉर्न आणि लो स्ट्रिंग्ज मिळून वर चढत येतात तो, इतका ओढतात की अलेग्रो, म्हणजे जलद भाग, येईपर्यंत जांभई येते.

म्हणून कंडक्टर शार्ल म्युन्शचं बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरचं १९६२ चं आरसीए कंपनीचं रेकॉर्डिंग ऐक. बॉस्टनमधला त्याचा तो शेवटचा सीझन. गंमत बघ, ज्या वर्षी सिम्फनी पहिल्यांदा वाजली त्याच वर्षी हा स्ट्रासबुर्गला जन्मला. त्याला धीर म्हणून नाही! लेंटो थांबत नाही कुठे, वजन आहे पण रडगाणं नाही, आणि मग बासून या खर्जातल्या फुंकवाद्यावर आणि हॉर्नवर अलेग्रोची थीम येते ती अशी मोकळी की वाटतं खिडक्या उघडल्या कुणीतरी. फिनालेत, म्हणजे शेवटच्या भागात, स्ट्रिंग्ज नुसत्या सुसाट सुटतात, वरून ब्रास, आणि त्या ट्रंपेट्सना जरा फ्रेंच धार आहे, थोडी कर्कश म्हणशील, मला तीच आवडते. शेवटी पहिल्या पानावरची थीम कोरालसारखी, म्हणजे चर्चमधल्या समूहगीतासारखी, ब्रासवर परत येते, आता टाळ्याखाऊ धडाका होणार असं वाटतं आणि शोसाँ पठ्ठ्या सगळं हळूहळू शांत करून टाकतो. १८९० च्या पॅरिसमध्ये असा शेवट करायला हिंमत लागते.

बिचारा शोसाँ ४४ व्या वर्षी गेला, १८९९ मध्ये, फ्रान्समधल्या लिमेला उतारावर सायकलवरचा ताबा सुटून भिंतीवर आदळला. दुसरी सिम्फनी राहिलीच.

कंडक्टर पॉल पारेचं डेट्रॉइट ऑर्केस्ट्राबरोबरचंही रेकॉर्डिंग आहे, मर्क्युरी कंपनीचं, तेही तडफदार, पण संथ भागात मला म्युन्शच हवा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकशील तर याद राख, बास काहीच कळणार नाही. हेडफोन लाव, पूर्ण ऐक, आणि तरी कॉपीच वाटली तर फोन करून भांड, रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
नंदू