पुन्हा पेज टाका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या जेवणाचा विषय काढला की बाबा हवापाण्यावर येतात आणि आईचा आवाज भरून येतो. म्हणून लिहायला बसले.

गणपतीत घरी आले तेव्हा पहिल्याच सकाळी चुकल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात पेजेचा वास नव्हता. बाबा, जन्मभर सकाळी तुमच्यापुढे उकड्या तांदळाची पेज, एरवी सोबत भाजलेला सुका बांगडा. आता पाकिटातले ओट्स, पाण्यात शिजवलेले, अळणी. औषध घ्यावं तसे तुम्ही ते संपवलेत. दुपारी पानात मोदक आला तेव्हा तुपावर आडवा हात धरलात, पारीचा तुकडा मोडून खाल्लात आणि सारण पानाच्या कडेला सारलंत. मोदकाला घाबरलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. आणि आई, मोदक वळताना तुझ्या बांगड्या पार कोपराकडे घसरत होत्या. बाबांना जे वर्ज्य ते तूही सोडलंस, तुला साखर नसताना.

ही भीती कुठून आली ते मला कळतं. काकांचं बायपास झालं, पाठोपाठ बाबांच्या रिपोर्टमध्ये साखर निघाली. मग कुणाच्या तरी व्याख्यानात ऐकून रात्रीचं जेवण बंद, गोळ्या मात्र त्याच. मे महिन्यात पहाटे साडेतीनला बाबा घामाने निथळत थरथरत होते, आईने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. साखरेच्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतच राहतात. बाबा, गोळ्या बदलून घेतल्याशिवाय जेवण तोडायचं नाही. एवढं एक माझं ऐकाच.

उकड्या तांदळाला तर उगीच बदनाम केलंय. तो सालासकट उकडतात तेव्हा कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. पूर्वी पॉलिशच्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना ब१ कमी पडून बेरीबेरी हा आजार व्हायचा, उकडा खाणाऱ्यांना क्वचितच. भाताने साखर वाढते हे खरं, मी नाकारत नाही. म्हणून वाडगा लहान घ्या, सोबत कुळथाची पिठी, उसळ, मासळी असू द्या. पण पेज घरातून हद्दपार कशाला?

अंड्याचा बलकही तुम्ही वर्षानुवर्षं मांजराला घालताय. दिवसाला तीनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जी मर्यादा सगळीकडे सांगितली जायची, ती अमेरिकेच्याच आहारसल्ल्यातून २०१५ नंतर काढून टाकली. रोज चार खा असं म्हणत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण आठवड्यातून काही अंडी अख्खी खायला हरकत असेल असं मला वाटत नाही.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. शेजारी म्हणतात, "काका काय मस्त बारीक झालात!" तुम्ही खूश होता आणि माझ्या पोटात गोळा येतो. या वयात वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, मांसही झडतं. मग जिना चढवत नाही, न्हाणीघरात तोल जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांचं वजन ५८, म्हणजे ४८ ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा. काकडी आणि ओट्सवर ते कसं भरणार?

आई, ते गुलाबी मीठही परत आयोडीनच्या मिठाने बदल. आणि तू बाबांच्या आधी नाही, मागाहूनही नाही, त्यांच्यासोबत जेवायला बस. पोटभर.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, पहाटे पोचेन. सोमवारी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, गोळ्या आणि जेवणाच्या वेळा समोर बसून ठरवू. रविवारी सकाळी मात्र पेज टाक, तिघांची. सुके बांगडे मी आणते.

तुमची,
सुमी