साहेब, 'रोज पिता का' हा प्रश्नच चुकलाय : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, सांगली जिल्हा. आई आशा सेविका आहे आणि तिचे फॉर्म रात्री जेवणं झाल्यावर मी तपासून देतो, कारण तिचा चष्म्याचा नंबर वाढलाय आणि कुठं बेरीज चुकली की मीटिंगमधी सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. तर त्या फॉर्ममधल्या दारूच्या एका प्रश्नाबद्दल हे पत्र आहे. एकच प्रश्न, पण दोन वर्षं डोक्यात बसलाय.

तीस वर्षावरच्या प्रत्येकाचा तो सीबॅक फॉर्म असतो बघा, बीपी, शुगर, कॅन्सरच्या तपासणीसाठी कुणाला आधी बोलवायचं ते ठरवणारा. त्यात तंबाखूला तीन पर्याय आहेत, कधीच नाही शून्य, आधी खायचो किंवा कधीमधी खातो एक, रोज दोन. दारूला मात्र दोनच. "तुम्ही रोज दारू पिता का?" नाही म्हटलं की शून्य, हो म्हटलं की एक. संपलं.

आता माझ्या धाकट्या चुलत्याचं ऐका. द्राक्षबागेच्या छाटणीच्या टोळीत असतो. टोळीचा हिशेब झाला, हातात पैसे आले की दोन दिवस दिसत नाही, यात्रेला पितो, लग्नाच्या वरातीत पितो, कुणाची मयत झाली की त्या दुःखात पितो, आणि मधी आठ आठ दिवस थेंब पण नाही. आई फॉर्म घेऊन त्याच्या ओट्यावर गेली, विचारलं, तर म्हणाला, "वैनी, रोज कुठं पितो मी?" खोटं नाही बोलला हो! आईनं शून्य लिहिलं. काकू दारात उभी होती, पदर तोंडाला लावून, काही बोलली नाही. मागच्या वर्षी कॅनॉलच्या वळणावर रात्री गाडीवरनं पडला, मांडीत रॉड आहे. दवाखान्याच्या कागदावर 'रोड ॲक्सिडेंट' आणि सरकारी फॉर्मवर दारू शून्य. म्हणजे कागदोपत्री हा माणूस कधी प्यायलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दारूचा प्रश्न गावात नेमका किती जणांना आहे हे आपल्याला माहीतच नाही. आपण बघतो फक्त व्यसनमुक्ती केंद्रात पोचलेला माणूस. साताऱ्याला डॉ. दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे, पुण्याला मुक्तांगण आहे, चांगली कामं आहेत, पण तिथवर माणूस जातो कधी तर घर विकायची वेळ आल्यावर. मग आपल्या डोक्यात 'दारुडा' म्हणजे तोच बसतो, गटारीजवळ पडलेला. बाकीचे सगळे 'लिमिटमधी घेणारे'. सिव्हिलच्या वॉर्डात बसून मोजलं तर सगळे गंभीरच दिसणार, आणि दारोदार जाऊन मोजलं तर कळतं की त्या एकामागं किती जण अर्ध्या वाटेवर आहेत.

दारोदार मोजलेलं आहे की देशात. सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेला सर्व्हे २०१९ ला आला, दोन लाख घरं, पावणेपाच लाखाच्या आसपास माणसं. १० ते ७५ वयातले १४.६ टक्के दारू पितात, म्हणजे १६ कोटी. त्यातल्या ५.७ कोटी लोकांना दारूमुळं मदतीची गरज आहे आणि त्यांच्यातले २.९ कोटी पूर्ण अडकलेले, म्हणजे दारू सुटतच नाही असे. अडकलेल्या ३८ जणांमागं एकाला कसली तरी ट्रीटमेंट मिळालेली आणि ॲडमिट होऊन ट्रीटमेंट मिळालेला १८० मागं एक. बाकी १७९ जण कुठल्या रजिस्टरात आहेत साहेब?

आणि ५.७ मधनं २.९ वजा करा. अजून अडकले नाहीत पण तिकडंच चाललेत असे २.८ कोटी राहतात. माझा चुलता ह्यातला. माझ्या मते खरं काम ह्यांच्यातच आहे.

पण तो सर्व्हे राज्यापुरतं सांगतो, सांगलीचं वेगळं काढून देत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेचा २०१५-१६ चा मानसिक आरोग्याचा सर्व्हे होता, १२ राज्यांत झाला, महाराष्ट्र त्यात नव्हता. गुजरात होता! जिथं दारूबंदी तिथं मोजणी झाली आणि आपण राहिलो, ह्याला काय म्हणावं. त्यात दारूच्या आजाराचे ८६ टक्के लोक बिनाउपचाराचे निघाले. राहिला एनएफएचएस, म्हणजे केंद्र सरकारचा कुटुंब आरोग्याचा सर्व्हे, त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातले १५ वर्षावरचे १३.९ टक्के पुरुष पितात असं आहे, जिल्ह्याच्या पानावर पण ती ओळ असते, पण ती 'पितो का' एवढंच सांगते. पिण्यानं काय झालं ते नाही. पिणारा आणि बुडणारा एकाच आकड्यात.

बाटल्यांचा हिशेब मात्र बरोबर असतो हां. २०२५ च्या जूनमधी दारूवरचा कर वाढवला तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील हे आधीच सांगितलेलं. लिटर मोजता येतात, माणसं का नाही.

मोजायचं कसं हे पण कुणाला नव्यानं शोधायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, १९८९ पासनं वापरात. कितीदा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का, रात्रीचं काहीच आठवत नाही असं होतं का, पिण्यामुळं कुणाला लागलंय का, घरच्यांनी कमी कर म्हटलंय का. शून्य ते चाळीस मार्क, आठ किंवा जास्त झाले की सावध. सवयीचे प्रश्न वर्षभराचे असतात, त्यामुळं छाटणीचा सीझन असो नसो, फरक पडत नाही. एवढं नको असेल तर त्यातले पहिले तीनच घ्या. तिसरा असा आहे की एका वेळी सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात. आता गंमत बघा, १० ग्रॅम अल्कोहोलचं एक ड्रिंक धरलं तर आपली १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्केवाली, साधारण ६० ग्रॅम होते. म्हणजे सहा ड्रिंक. आमच्याकडं "एकच तर क्वार्टर घेतो" असं म्हणणारा प्रत्येक जण तिथंच त्या प्रश्नात सापडतो, फक्त विचारताना ड्रिंक म्हणू नका, कुणाला कळत नाही. नाईन्टी किती, क्वार्टर किती, असं विचारा, आणि हातभट्टी असेल तर ग्लास किती.

आणि सापडल्यावर काय, तर गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून बघितलंय. ऑडिटनं निवडलेले ३७७ पुरुष, डॉक्टर नसलेले, शिकवून तयार केलेले समुपदेशक, जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी भेटी झालेल्यांतले ३६ टक्के आटोक्यात आले, नुसत्या नेहमीच्या उपचारातले २६. जादू नाही, पण शंभरात दहा घरं जास्तीची, चार बैठकांत, मला तर स्वस्त वाटतं.

एक अडचण सांगतो, आईच्या वतीनं. ती भावकीतली बाई आहे, दिराला, शेजाऱ्याला, सरपंचाच्या पोराला दारूचं तोंडावर विचारणं सोपं नाही, आणि बायको मागं उभी असताना खरं कोण सांगणार. म्हणून हे प्रश्न कागदावर द्या, ज्याला वाचता येतं तो स्वतः टिक करेल, नाहीतर उपकेंद्रात बीपी बघताना तिथले आरोग्य अधिकारी (सीएचओ) विचारतील. आणि आशाला ह्याचे वेगळे पैसे द्या, आधीच डझनभर रजिस्टरं आहेत तिच्या पिशवीत. सगळ्या राज्यात लगेच नका करू, सांगली आणि सातारा दोन जिल्हे घ्या, घरं चिठ्ठी टाकून निवडा, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजची पोरं मदतीला द्या, आणि जो आकडा येईल तो ग्रामसभेत वाचून दाखवा, कितीही वाईट असला तरी.

चुलता आता काठी घेऊन ओट्यावरच बसलेला असतो. आईला परत फॉर्म घेऊन त्याच्याकडं जायचंय. ह्या वेळी त्याला काय विचारायचं तेवढं कळवा.

आपला,
एका आशा सेविकेचा मुलगा
ता. तासगाव, जि. सांगली