आई-बाबा, गोरेगावचं घर पक्कं केलंय

ती. आई-बाबांस सा. न. (बाबा, मायना बरोबर आहे ना?)

फोनवर विषय काढला की आई "जेवलीस का"वर जाते आणि बाबा फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून लिहितेय. तर त्या डेली मालिकेच्या संगीताचं काम मी घेतलं. सही झाली. मुंबईत गोरेगावला वन बीएचके भाड्यानं घेतलाय आणि कर्वेनगरचे कीबोर्डचे क्लास या महिनाअखेर बंद करतेय. आधी बोलले नाही कारण बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तुम्ही दोघं टेन्शन घेऊन एकमेकांपासून लपवत बसला असतात, दादाच्या वेळी केलंत तसं.

पुण्यातून फाइल पाठवून होईल की, असं बाबा म्हणणारच. जिंगलला चालतं, डॉक्युमेंटरीला चालतं, डेलीला नाही जमत. रात्री अकराला एडिटवरून फोन येतो की सीन कापला, म्युझिक लांब पडतंय. समोर असले तर पाच मिनिटांचं काम, पुण्यातून तेच दोन तास आणि वर तीन गैरसमज. शिवाय बासरीवाले, व्हायोलिनवाले, गायक सगळे तिकडे, त्यांना दर वेळी पुण्याला ये म्हणून कसं सांगणार.

टायटल साँग म्हणजे लोकांना दिसतं ते काम आणि तेच सगळ्यात आधी संपतं. हल्ली तर तेही आखडलंय, मोबाइलवर बघणारा सरळ पुढे ढकलतो, म्हणून पहिल्या ओळीतच हुक पाहिजे आणि मालिकेचं नाव त्यात आलंच पाहिजे. खरं काम त्याच्यापुढे सुरू होतं. नायिकेची एक थीम, मग तीच बासरीवर, तीच व्हायोलिनवर हळू, तीच पियानोवर नुसत्या चार सुरांची, कारण रडण्याचेही प्रकार असतात, आईसमोरचं रडणं वेगळं आणि बाथरूमचा नळ सोडून रडणं वेगळं. नायकाची थीम, सासूची थीम, कारस्थानाची, देवघराची, विनोदी मामाची. हा सगळा साठा एडिटरकडे जातो आणि तो सीनखाली लावत बसतो. पण आठवड्याला सहा एपिसोड, गुरुवारी टीआरपी आला आणि पडलेला असला की लग्न एकदम अलीकडे ओढतात, मग रातोरात हळदीचं गाणं लागतं, चाल माझी आणि शब्दही माझेच. शब्द मी लिहिते म्हणून तर काम मिळालं, दोन माणसांच्या मागे पळायला त्यांना वेळच नसतो. आई, ते तुझ्यामुळे गं. भोंडल्याला खिरापत ओळखायच्या आधी तू आम्हाला नवीन कडवं जोडायला लावायचीस, वाड्यातल्या सगळ्यांची नावं घालून, आणि मात्रा चुकली की पाटावर टकटक करायचीस. अजून ओळ लांब झाली की मला ती टकटक ऐकू येते.

बाबा, परवा म्हणालात की मालिकांचं संगीत म्हणजे सुनेच्या तोंडावर ढॅण ढॅण ढॅण. मला राग नाही आला हं, अर्धं खरंच आहे, आणि ते ढॅणसुद्धा कोणीतरी बसून करावंच लागतं. पण तुम्ही सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत बसलेला माणूस, 'मिले सूर मेरा तुम्हारा' लागलं की पंडित भीमसेन जोशींसाठी पेपर खाली ठेवायचात. ते १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर आलं, म्हणजे टीव्हीसाठीच केलेलं, आणि संगीतकार अशोक पत्की. 'आभाळमाया'चं शीर्षकगीतही पत्कींचंच, १९९९ चं, ज्याच्यासाठी आई गॅस बारीक करून बाहेर यायची. आणि रामायण? संगीत रवींद्र जैन यांचं, त्यातले शब्दही बरेचसे त्यांचेच, आणि गायलेही. १९८७ चं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत लागलं तर तुम्ही सोफ्यावर बसून पुढची ओळ आधीच म्हणत होतात. मी काही पत्की होणार नाहीये. पण धंदा फालतू आहे असं नका म्हणू, एवढंच.

आता पेन्शनचं. पेन्शन नाहीये बाबा, पण अगदी वाऱ्यावरही नाही. पूर्वी एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून द्यायचं, गाणं पुढे कितीही वाजो. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, राज्यसभेत जावेद अख्तर बोलले होते त्यावर. आता रॉयल्टीचा हक्क आपण सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाही, फक्त वारसांना नाहीतर गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. आयपीआरएस ती संस्था, मी तिथे सभासद झालेय, संगीतकार म्हणून आणि गीतकार म्हणूनही. सुरुवातीला फार काही येणार नाही हे मला माहितीय. हक्क मात्र माझ्यानंतरही ६० वर्षं राहतो (आई, अभद्र काही नाही, कायद्यातच तसं आहे). करार दादाच्या वकील मित्रानं वाचलाय, दोन कलमं बदलून पण घेतली.

जेवणाची काळजी नको. बिल्डिंगखालीच पोळी-भाजी केंद्र आहे, साताऱ्याच्या काकू चालवतात, भाकरी पण मिळते. घरात वारा येतो, पाणी दोन वेळा, शेजारी मराठी आजी आहेत आणि त्यांनी पहिल्याच दिवशी माझं लग्न झालंय का विचारलं, म्हणजे घरच्यासारखंच वाटतंय.

आजोबांची पेटी नेत नाहीये. पानशेतच्या पुरातून वाचली आणि गोरेगावच्या दमट हवेत गेली असं नको. बाबा, ती वाजवत जा, नुसती पुसून ठेवू नका. लहानपणी माझा हात पुरायचा नाही तेव्हा मी समोर बसून भाता मारायचे आणि तुम्ही वाजवायचात, मधेच मुद्दाम थांबायचे मी, आणि तुम्ही "वीज गेली" म्हणायचात. आता भाता तुमचा तुम्हीच मारा, खांद्याला व्यायाम होईल.

आणि ऐका. डोळ्यात थेंब टाकले की लगेच मोबाइल नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर नाही, मंडईत जायचं तर रिक्षा, तीस रुपयांसाठी वाद घालायचा नाही. गणपतीचं मखर माळ्यावरून दादा काढेल, स्टुलावर कोणीही चढायचं नाही, आई हे तुला आहे. मी येईन, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी, दुपारच्या आरतीला थांबू नका आणि मोदकांसाठी उपाशी तर मुळीच बसू नका. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. ओटीपी कोणालाही नाही, कितीही गोड बोलला तरी.

मालिका लागली की पाट्यांत माझं नाव शोधत डोळे ताणू नका बाबा, फार पटकन जातं ते, मी स्क्रीनशॉट पाठवेन. डोळ्याची तपासणी झाली की दोघांनी इकडे चार दिवस यायचं, बोरिवलीच्या शिवनेरीचं तिकीट मी काढते, पैसे वाचवायला लाल डब्यानं येऊ नका. येताना मेतकूट आणि ती छोटी लोखंडी कढई आणा. लोणचं नको, आहे अजून.

तुमची,
चिऊ