जुनी नौका नावावर जाऊन घेऊ नये

महोदय,

परदेशस्थ मराठी मंडळींच्या शिडाच्या नौकांच्या छंदाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र ‘काँटेसा ३२’ आणि ‘सॅडलर ३२’ या जुन्या ब्रिटिश नौकांपैकी कोणती घ्यावी, हे लांबी, झोपण्याच्या जागा, बांधणीचे साल आणि किंमत एवढ्यावरून ठरवण्याची त्यातील पद्धत पटली नाही.

दोन्ही नौका डेव्हिड सॅडलर यांच्याच आराखड्यावरच्या. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत (इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याची सागरी शर्यत) ३०३ नौका उतरल्या, वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले, आणि सर्वांत लहान गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव नौका ठरली ती ‘असेंट’ नावाची काँटेसा ३२. तेव्हापासून या नावाला आलेले वलय खोटे नाही. पण ‘असेंट’ त्या वेळी दहा वर्षांचीही नव्हती, आणि आज विक्रीला असलेल्या जुन्या काँटेसाने मधली चार-पाच दशके कोणाच्या हाती, कशी काढली, हे त्या वलयावरून कळत नाही.

काँटेसा अरुंद आणि पाण्यालगत बसणारी असल्यामुळे वाऱ्याच्या विरोधात सुरेख चालते, पण डेकवरच्यांना भिजवते. सॅडलर तिच्याहून सुमारे फूटभर अधिक रुंद असल्याने आत ऐसपैस वाटते. मुलाबाळांसह महिनाभर फिरायचे असेल तर मी सॅडलरकडे झुकेन. तथापि हा प्रश्न दुय्यम आहे.

खरा खर्च दडलेला असतो तो डोलकाठी पेलणाऱ्या पोलादी तारांत, शिडांत आणि इंजिनात. तार वरून चकचकीत दिसली तरी टोकाच्या दाबून बसवलेल्या खोबणीत गंज आतून खात जातो. म्हणूनच दहा-पंधरा वर्षांनंतर तारा बदलल्याचा पुरावा अनेक विमा कंपन्या मागतात. तळातील, समुद्राचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा साध्या पितळेच्या असतील, तर किंचित खरवडून पाहावे. आत गुलाबी छटा दिसली, तर धातूतील जस्त निघून गेले आहे आणि ती झडप हाताच्या जोरानेही तुटू शकते. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकत जावे. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर फायबरग्लासच्या दोन थरांमधील बाल्सा लाकूड भिजून कुजल्याची शंका घ्यावी. इंजिन आधी तापवून ठेवलेले नसावे, थंडच सुरू करून दाखवायला सांगावे, कारण तापलेल्या इंजिनात सुरू होण्यातला दोष झाकला जातो. (विक्रेता नेमका आपण पोहोचण्याच्या अर्धा तास आधी ते चालवून ठेवतो, हा योगायोग फार वेळा घडतो.) नवा चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारे यंत्र) आणि नव्या गाद्या पाहून मात्र किंमत वाढवून देऊ नये.

दोन नौकांत निवड अडली, तर दोन्ही पाण्याबाहेर काढून स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून, म्हणजे नौका-तपासनिसाकडून, तपासून घ्याव्यात. दोन सर्व्हेंचे पैसे जड वाटतात खरे, पण साऱ्या तारा बदलण्याचा खर्च त्याहून कितीतरी जड असतो.

कागदपत्रांचा उल्लेख लेखात नव्हता, म्हणून लिहितो. ब्रिटनमधील लहान नौकांच्या नोंदवहीत, म्हणजे ‘स्मॉल शिप्स रजिस्टर’मध्ये नाव असणे हा मालकीचा पुरावा नव्हे. आधीच्या मालकांपासूनची विक्रीपत्रे आणि व्हॅट भरल्याचा दाखला हाती आल्याशिवाय इसार देऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक, साउथॅम्प्टन (इंग्लंड)