रॅपमधला दक्षिणेचा हेल

रविवार पुरवणीतला अमेरिकन रॅपवरचा लेख वाचला. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस झालं की संपलं, दक्षिणेचं नावच नाही! टेक्सासमधलं पोर्ट आर्थर हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचं गाव. तिथल्या पिंप सी आणि बन बी यांच्या 'यूजीके' (अंडरग्राउंड किंग्ज) या रॅपर जोडीने आपला लांबवलेला, गावरान हेल कधी सोडला नाही. पिंप सी आपल्या संगीताला 'कंट्री रॅप ट्यून्स' म्हणायचा. खाली चर्चमधल्यासारखा ऑर्गन घुमतो आणि वर थेट गल्लीतली भाषा. (शिव्या भरपूर, घरात मोठ्याने लावू नये, अनुभवाने सांगतो.) त्यांचा १९९६चा 'रायडिन डर्टी' हा अल्बम एकही व्हिडिओ न काढता पाच लाख प्रतींच्या वर खपला.

पिंप सी २००७ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी गेला. बन बी २०११ मध्ये ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात धर्म आणि हिप-हॉप हा विषय शिकवायला उभा राहिला, पण बोलणं तेच पोर्ट आर्थरचं. पुढच्या लेखात या मंडळींना निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे