अकरावीचे जर्नल उतरवून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावी विज्ञान शाखेचे प्रवेश आटोपत आले, की कोल्हापुरातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे क्लास कोणता लावायचा. कॉलेज कोणते आणि तिथे प्रयोगशाळा चालते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण हजेरीपुरते कॉलेज आणि अभ्यासापुरता क्लास अशी वाटणी आपण सर्वांनी मान्य करून टाकली आहे. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि या वाटणीबद्दलच मला लिहायचे आहे.

दहावीला उत्तम गुण मिळवलेली मुले अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत कोलमडतात, तेव्हा पालक मुलाच्या मोबाईलकडे बोट दाखवतात. माझा अनुभव वेगळा आहे. करवीर, पन्हाळा, कागल भागातून एसटीने येणारा मराठी माध्यमाचा मुलगा ‘संवेग’ आणि ‘त्वरण’ शिकून आलेला असतो. इथे त्याच गोष्टी ‘मोमेंटम’ आणि ‘ॲक्सिलरेशन’ होऊन समोर येतात आणि आपल्याला हे येत होते, हेच तो विसरतो. सेमी इंग्रजीच्या मुलाला शब्द ओळखीचे असतात, पण ‘असे का होते’ याचे उत्तर चार सलग वाक्यांत त्याला कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही. पहिले दोन महिने दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहिणारी एक साधी वही ठेवली, आलेख काढण्याचा आणि एककांचा हात बसवून घेतला, तर ही अडचण बरीचशी सुटते. त्यासाठी फी भरावी लागत नाही.

खरे नुकसान होते ते प्रयोगांचे. साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोगच घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाला एक आंदोलन पूर्ण करायला सुमारे २ सेकंद लागतात आणि स्टॉपवॉच दाबताना हाताकडून ०.२ सेकंदाची चूक सहज होते. एकच आंदोलन मोजले तर ही चूक १० टक्क्यांची ठरते आणि गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात आवर्तकाळाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग असल्याने उत्तरात ती २० टक्क्यांच्या घरात जाते. तीच २० आंदोलने मोजली तर उत्तरातील चूक १ टक्क्याच्या आसपास येते. हे ज्याने स्वतः करून पाहिले, त्याला त्रुटींचा धडा पाठ करावा लागत नाही. मित्राकडून उतरवून घेतलेल्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत मात्र प्रत्येकाचे उत्तर बरोबर ९.८ येते. अशा जर्नलांवर मीही सह्या केल्या आहेत, हे येथे कबूल केले पाहिजे.

राज्याच्या सीईटीत, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेत, अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्केच भार आहे, म्हणून हे वर्ष ‘उरकून घ्यायचे’ असा हिशेब काही ठिकाणी मांडला जातो. जेईई आणि नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी अकरावीतल्या सदिश राशींवाचून बारावीचे विद्युतचुंबकत्व आणि मोल संकल्पनेवाचून पुढचे रसायनशास्त्र समजणार कसे?

करिअरच्या दिशेचा प्रश्नही माझ्या मते इथेच येतो. आपल्या मुलांपुढे डॉक्टर की इंजिनिअर एवढेच दोन दरवाजे उघडे ठेवले जातात, आणि तेही तिने किंवा त्याने एखादे उपकरण हातात धरण्याआधी. प्रयोगशाळेतल्या ज्या स्क्रू गेजचा कंटाळा येतो, त्याच्याच जातीचा मायक्रोमीटर उद्यमनगरच्या मशिनशॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवतो. शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूतील कार्बन आणि सिलिकॉनचे प्रमाण तपासले जाते. दूध संघात फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता उरलेले घन पदार्थ), तर साखर कारखान्यात रसाचे ब्रिक्स (विरघळलेल्या साखर व इतर घन पदार्थांचे प्रमाण) रोज मोजले जाते. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला, की कारखान्याची प्रयोगशाळा एक दिवस मुलांना दाखवणे एवढे अवघड नाही. निदान आपल्याला काय आवडते आणि काय अजिबात आवडत नाही, एवढे तरी त्यांना कळेल.

शुद्ध विज्ञानाकडे जाऊ पाहणाऱ्यांना तर कोणी वाटच सांगत नाही. पुण्यात २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या पदवी प्रवेशासाठी स्वतंत्र अभिक्षमता चाचणी असते आणि तीत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न येतात. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात गणित किंवा जीवशास्त्र सोडून देणाऱ्या मुलाला हे आधी माहीत असायला हवे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली याच शहरात झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. आपलाच मुलगा बीएस्सी करतो म्हणाला, तर मात्र ‘मग नोकरीचे काय?’ असे विचारून त्याला गप्प करतो. प्रश्न रास्त आहे, पण तो मुलाबरोबर बसून, माहिती काढून सोडवायचा असतो.

कनिष्ठ महाविद्यालयांना माझी विनंती एवढीच आहे, की अकरावीच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक प्रवेशाच्या वेळीच सूचना फलकावर लावावे आणि एका उपकरणामागे किती विद्यार्थी असतात, तेही त्यात लिहावे. पालकांनी प्रवेशाची फी भरण्याआधी तो फलक वाचावा, आणि तो लावलेला नसेल तर कार्यालयात जाऊन विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
राजारामपुरी, कोल्हापूर