सायकल वाढत्या अंगाची नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि नेमका त्याच महिन्यात आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या भिशीचा नंबर मला लागला. अडतीस हजार रुपये हातात आले. मी नाशिकला परिचारिका आहे. वय ४६, उंची पाच फूट एक इंच. उंची मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

नाइट ड्यूटी संपवून घरी येताना गंगापूर रोडने धरणाकडे निघालेले सायकलस्वार मी कित्येक वर्षं बघत आले. आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत ही गर्दी वाढली. तिच्यात माझ्या वयाच्या बायकाही दिसू लागल्या, तेव्हा वाटलं की आपणही एक रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची सायकल घ्यावी. शर्यतीसाठी नाही. आठवड्याच्या सुट्टीला गिरणारे, अंजनेरी, जमलं तर त्र्यंबकेश्वर, आणि परत आल्यावर पाठ न धरता स्वयंपाक करता यावा, एवढंच.

दिवाळीत दुकानात गेले. माझ्या पैशांत बसणारी एकच रोड बाइक तिथे होती, ५४ नंबरच्या फ्रेमची, म्हणजे माझ्यापेक्षा उंच माणसाच्या मापाची. "सीट खाली करून देतो मॅडम, बसेल तुम्हाला," असं सांगितलं. चालवून बघू का विचारलं, तर टायर मळतात म्हणून नकार. छत्तीस हजारांना घेतली. मी तरी का घेतली? कारण आमच्या घरात वस्तू नेहमी वाढत्या अंगाचीच यायची. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या मापाच्या. सायकल तर वडिलांची काळी २२ इंची, नळीखालून पाय घालून शिकलेली. सायकल आपल्या मापाची असावी लागते, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सीट पार फ्रेमला टेकेपर्यंत खाली घेतली तरी सिग्नलला थांबताना सायकल एका बाजूला कलती करावी लागायची. हँडल इतकं लांब की कोपर वाकवायला जागाच नाही, सगळा भार तळहातांवर. तिसऱ्या आठवड्यात गिरणाऱ्याहून परत आले आणि दुपारी ड्यूटीवर बीपीचा फुगा दाबताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर असल्याचं जाणवलं. माझ्या पेशातल्या कुणालाही हे ओळखू येईल. तळहाताच्या करंगळीकडच्या अंगाने अल्नर नर्व्ह जाते, ती तासन् तास दबली की हीच दोन बोटं बधिर होतात. मान आखडायची ती वेगळीच. मी हातमोजे घेतले, हँडलवर जाड टेप गुंडाळून घेतली. सवय होईल, असं सगळे म्हणत होते. दोन महिने गेले. सवय काही झाली नाही.

शेवटी पंचवटीत सायकली दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी हँडल धरणारा स्टेम १०० मिलिमीटरचा काढून ७० चा बसवला. थोडं बरं वाटलं. पण त्यांनीच सांगितलं, "ताई, ही विकून टाका. हिला कुठवर कापत बसणार?" आणि मग घरी जाऊन काय मोजायचं तेही समजावलं.

ते इथे सविस्तर लिहिते, कारण फुकटात आणि पाच मिनिटांत होतं. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवायचं. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आडवं धरून, त्याची कड भिंतीला टेकवून, पायांच्या मधून वर घट्ट सरकवायचं, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत. मग वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची. माझी खूण मुलाने केली, जमिनीपासून ७१ सेंटिमीटरवर. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की पॅडलच्या धुरेच्या, म्हणजे पॅडलचे दोन्ही दांडे फ्रेममध्ये जिच्याभोवती फिरतात तिच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण कळते. माझी आली पावणेत्रेसष्ट सेंटिमीटर. इथून पुढे एखाद-दुसरा सेंटिमीटर इकडे-तिकडे आपल्या गुडघ्याला विचारून करायचा.

पण सीटची उंची कुठल्याही सायकलवर वरखाली होते. खरी मेख आहे सीटपासून हँडलपर्यंतच्या लांबीत, आणि ती फ्रेमबरोबर ठरून येते. कंपन्या दोन मापं देतात. पॅडलच्या धुरेपासून फ्रेमच्या पुढच्या नळीचं डोकं किती उंच आहे तो स्टॅक, आणि आडव्या अंतराने किती पुढे आहे तो रीच. आरामात बसायचं असेल तर स्टॅक जास्त आणि रीच कमी, म्हणजे एंड्युरन्स ठेवणीची फ्रेम बघायची. शर्यतीची फ्रेम दिसायला देखणी असते, पण माझ्यासारखीला ती वाकवून ठेवते.

पहिली सायकल सत्तावीस हजारांना गेली. तीन महिन्यांत नऊ हजारांचा फटका बसला. माझ्या पगारात नऊ हजार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मग बावीस हजारांत चार वर्षं वापरलेली ४८ नंबरची घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा कार्बनचा चिमटा, मागे आठ गिअरचा शिमानो कंपनीचा क्लॅरिस सेट. घेण्याआधी काकांनी दोन्ही चाकं फिरवून बघितली, वेल्डिंगच्या सांध्यांवरून ओलं फडकं फिरवून चीर शोधली, सीटचा दांडा अडकलेला नाही ना ते तपासलं. दोन्ही सायकलींचं सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर मी टेपने मोजलं. फरक पाच सेंटिमीटरचा, म्हणजे तीन बोटं. या तीन बोटांनी माझी दोन बोटं परत मिळाली. आता त्र्यंबकला जाऊन येऊन साठेक किलोमीटर होतात आणि संध्याकाळी मी पोळ्या लाटते.

उरलेल्या सात हजारांत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, गादीची शॉर्ट, काटा असलेला हातपंप आणि २८ मिलिमीटरचे टायर आले. ज्यांचं बजेट तीस-पस्तीस हजारांचं आहे त्यांनी पाच-सात हजार या गोष्टींसाठी बाजूला काढूनच दुकानात जावं. पंप तर हवाच, कारण रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि रस्त्यावरच्या हवेच्या दुकानात तो अडॅप्टरशिवाय चालत नाही. टायरबद्दल मी आग्रहाने सांगेन. दुकानातल्या सायकलला २५ चे होते, हवा १०० पीएसआय. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा मणक्यात जायचा. आता माझ्या ५८ किलो वजनाला २८ च्या टायरमध्ये ७० भरते, आणि तोच रस्ता निम्मा शांत वाटतो. फक्त फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का, ते आधी बघावं.

गिअरच्या संख्येला भुलू नये. चढाला कामाला येतात दाते. पुढची लहान चक्री ३४ दात्यांची आणि मागची सर्वात मोठी ३२ ची असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम एक फेरा फिरतं आणि गुडघे वाचतात. सात गिअरच्या स्वस्त टूर्नी सेटमध्ये गिअर बदलायचं एक बटण लीव्हरच्या आतल्या बाजूला अंगठ्याशी असतं. हँडलच्या खालच्या वाकात हात असले की ते हाताशी येत नाही. झेपत असेल तर क्लॅरिस घ्यावा. पण पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर माप आधी, गिअर नंतर.

नाशिकच्या आणि इतर शहरांतल्या विक्रेत्यांना माझी आपल्या वर्तमानपत्रातून हात जोडून विनंती आहे. किमतीच्या चिठ्ठीवर स्टॅक, रीच आणि किती उंचीच्या माणसाला ही फ्रेम बसते हे मराठीत लिहा. गिऱ्हाइकाला दहा मिनिटं चालवू द्या, टायर पुसता येतात. आणि लहान मापाच्या फ्रेम निदान एक-दोन दुकानात ठेवा. कर सात टक्क्यांनी कमी झाला, त्याचा फायदा आमच्या मापाची सायकलच नसेल तर आम्हाला कसा मिळणार?

आमच्या वॉर्डातल्या आणखी एका सिस्टरची भिशी या महिन्यात लागली आहे. तिचं माप मी आमच्या दाराआडच्या त्याच भिंतीवर घेतलं, ६९ सेंटिमीटर. आम्ही दोघी चार दुकानं फिरलो. तीन ठिकाणी "सीट खाली करून देतो" म्हणाले, चौथ्या ठिकाणी लेडीज सायकल दाखवली. तिच्या मापाची मागवून देतो, असं अजून कुणीही म्हटलेलं नाही.

आपली नम्र,
एक परिचारिका, नाशिक